मामेबहीण, आजी आणि सिकलसेल

वालीवहून बोलतोय, मागे गाळ्यांतल्या मशीनचा आवाज येईल, सांभाळून घ्या. आजचा विषय सिकलसेल. आपल्याच पालघर जिल्ह्यात, विशेषतः आदिवासी पाड्यांवर, हा आजार आहे.

प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात: एक आईकडून, एक बाबांकडून. सिकलसेलची एकच कॉपी आली तर तुम्ही ‘वाहक’. सहसा त्रास होत नाही, म्हणून पत्ताच लागत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता २५ टक्के. पहिलं ठणठणीत झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता घटत नाही.

आता नात्याचं गणित. समजा, आजी वाहक आहे, आजोबा नाहीत. मग आई आणि मामा वाहक असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के. तुम्ही आणि मामेबहीण, प्रत्येकी २५. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न ठरत असेल तर आधी दोघांचं रक्त तपासा.

२०२३ पासूनच्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते. घरात एक वाहक निघाला तर भावंडांनाही घेऊन जा. पत्रिका बघताच ना? सोबत हा रिपोर्टही बघा.