विरघळलेली हवा आणि उकळते पाणी

चुलीवर आधण ठेवले की पाणी उकळण्याच्या पुष्कळ आधीच भांड्याच्या तळाला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. हे वाफेचे बुडबुडे असावेत, असा समज सहज होतो. परंतु ते असतात पाण्यात विरघळलेल्या हवेचे. पाणी तापू लागले की हवा सामावून घेण्याची त्याची शक्ती घटते व जादा हवा बाहेर पडते.

ही हवा उकळण्याच्या क्रियेला मोठा हातभार लावते. वाफेचा बुडबुडा आपोआप निर्माण होणे फार अवघड असते. तो जितका लहान, तितका पृष्ठताण त्याला अधिक जोराने चिरडू पाहतो. तळाच्या सूक्ष्म खाचांत हवा दडून राहिली असेल, तर बुडबुड्याला आयता आसरा मिळतो. शिवाय वाफेच्या दाबाला हवेचा दाब येऊन मिळतो. त्यामुळे तळ उत्कलनबिंदूपेक्षा थोडाच अधिक तापला, तरी बुडबुडे सुटू लागतात. सुटणारा प्रत्येक बुडबुडा तळालगतचे पाणी ढवळतो आणि उष्णता झपाट्याने वर वाहून नेली जाते.

मग हवा काढूनच टाकली तर? जिनेव्हा येथे जन्मलेले झां-आंद्रे द्ल्यूक यांनी अठराव्या शतकात हे करून पाहिले. पाण्यातील हवा निघावी म्हणून ते चार आठवडे बाटली हलवीत राहिले. झोप, गावातील कामे आणि ज्यांना दोन्ही हात लागतात अशी कामे, एवढाच काय तो अपवाद! असे पाणी सुमारे ११२ अंश सेल्सियसपर्यंत तापले तरी उकळले नाही, आणि मग एकाएकी उसळले. प्रयोगशाळेत अशा उसळीने हात भाजू शकतात. म्हणूनच चंबूत चिनी मातीचे सच्छिद्र तुकडे टाकण्याची पद्धत आहे. त्यांच्या छिद्रांत हवा असते.

पाणी खळखळून उकळू लागले की बरीचशी हवा निघून जाते व तिचा प्रभाव ओसरतो. वाफेचे पुन्हा पाणी करावयाचे असेल, तेव्हा मात्र हीच हवा अडसर ठरते. थंड नळ्यांभोवती तिचा थर साचतो व वाफेला त्यातून वाट काढावी लागते. संथ वाफेत अर्धा टक्का हवा मिसळली, तरी उष्णतेचे संक्रमण जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते.

विद्युत् उपकरणे थंड राखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फ्लुओरोकार्बन द्रवांत पाण्याच्या कितीतरी पट हवा विरघळते. त्यामुळे अशा द्रवांवरील मोजमापे घेण्यापूर्वी संशोधक ते बराच वेळ उकळून त्यांतील हवा घालवितात.