‘बेटर’चा नेमका वापर

आपल्या घरांत ‘बेहतर’ हा शब्द उर्दूमुळे रुळलेला आहे. म्हणून इंग्रजी ‘बेटर’ मुलांना ओळखीचा वाटतो. अर्थ एक, उच्चारही जवळचा. पण मुळे वेगळी. ‘बेहतर’ फारसीतून आला. त्यातला ‘तर’ मात्र आपल्या ‘उच्चतर’मधल्या ‘तर’चा भाऊबंद आहे.

‘बेटर’ म्हणजे अधिक चांगला. ‘अधिक’ त्यातच आले, म्हणून ‘मोर बेटर’ चूक. जोर द्यायचा असेल तर ‘मच बेटर’ म्हणावे. दर्जाने सरस असेल तिथे ‘सुपीरियर’, दोहोंत पसंतीचे असेल तिथे ‘प्रेफरेबल’ शोभते. ‘बेटर’नंतर ‘दॅन’ येते, या दोन शब्दांनंतर ‘टू’. आजारी माणूस ‘आय अ‍ॅम बेटर’ म्हणाला, तर त्याला आधीपेक्षा बरे वाटते एवढेच समजावे. तो ठणठणीत झालाच असे नाही.

सांभाळायचे ते ‘हॅड बेटर’ला. ‘यू हॅड बेटर गो’ हे वाक्य साधे दिसते, पण त्यात ‘जा, नाहीतर बघ’ अशी ताकीद असते. थोरल्याने धाकट्याला म्हटले तर चालेल. रजेच्या अर्जात मुलाने शिक्षकांना ‘यू हॅड बेटर’ लिहिले, तर विनंतीची धमकी होते. तिथे ‘कुड यू प्लीज’ लिहायला शिकवू या.

आणि हा शब्द शिकवताना उदाहरण भावंडाचे नको. ‘बेटर दॅन युअर ब्रदर’ मुलाच्या मनात सलत राहते. ‘बेटर दॅन यस्टरडे’ने हुरूप येतो. व्याकरण दोन्हींचे सारखेच आहे. निवड आपली.