‘निदान सलाईन तरी लावा’

आजार आता आटोक्यात येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालेलं असतं. घरच्यांनी ते ऐकून घेतलेलंही असतं. तरी एक विनंती हमखास होते: ‘डॉक्टर, पोटात काहीच जात नाही हो त्यांच्या. निदान सलाईन तरी लावा.’ घरात भाताची पेज होते, नाचणीचं आंबील होतं, कुणीतरी शहाळं आणतं. चमचा ओठांशी नेला की मान वळते. मग आर्जवं होतात, मग शपथा घातल्या जातात, कधी कधी रागावणंही होतं. माणूस गेल्यावर हे सगळं विसरलं जात नाही. ‘आम्ही त्यांना उपाशी घालवलं’ हा सल कित्येक घरांमध्ये वर्षानुवर्षं राहतो.

या सलाला शरीरशास्त्रात आधार नाही, आणि ही गोष्ट रुग्ण जिवंत असतानाच घरच्यांना सांगितली गेली पाहिजे. माणूस खात नाही म्हणून जात नसतो. शरीर मिटत चाललेलं असतं, म्हणून त्याला अन्न नको असतं.

पसरलेल्या कर्करोगात रुग्णाची जी झीज होते, तिला वैद्यकात ‘कॅकेक्सिया’ म्हणतात. ती उपासमारीपेक्षा वेगळी आहे. निरोगी माणूस उपाशी राहिला, तर शरीर मुख्यतः चरबी वापरतं, स्नायू शक्य तितके राखतं, आणि जेवण मिळालं की पुन्हा भरतं. कॅकेक्सियात स्नायूंची मोडतोड आजारच चालवत असतो. गाठीमुळे आणि तिच्याशी झुंजणाऱ्या प्रतिकारशक्तीमुळे रक्तात दाह वाढवणारी प्रथिनं वाढतात. त्यांतल्या एका प्रथिनाला 1980 च्या दशकात ब्रूस बॉयटलर आणि अँथनी सेरामी यांनी ‘कॅकेक्टिन’ असंच नाव दिलं होतं. नंतर ते आणि ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ एकच असल्याचं कळलं. जीडीएफ-15 नावाचं दुसरं एक प्रथिन मेंदूच्या बुंध्यातल्या पेशींवर जाऊन बसतं आणि भूक मारतं, मळमळ आणतं. ते पेशींवर जिथे बसतं ती जागा (रिसेप्टर) 2017 मध्ये सापडली, आणि जीडीएफ-15 ला रोखणाऱ्या औषधाने रुग्णांचं वजन काहीसं वाढल्याचं 2024 च्या एका चाचणीत दिसलं. म्हणजे आजी ‘नको गं, इच्छाच नाही’ म्हणते, तेव्हा ती हट्ट करत नसते. तिच्या मेंदूला तसा निरोप पोहोचलेला असतो. अशा अवस्थेत नळीतून कितीही उष्मांक दिले तरी स्नायू परत भरत नाहीत, कारण ते वापरणारी यंत्रणाच बिघडलेली असते.

मग भूक-तहान लागून जीव तळमळत असेल का? न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथल्या डॉक्टरांनी हाच प्रश्न रुग्णांनाच विचारला. 1994 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मरणासन्न, पण शुद्धीवर असलेले 32 रुग्ण. त्यांतल्या 20 जणांना भूक अशी लागलीच नाही, आणखी 11 जणांना फक्त सुरुवातीला लागली. ज्यांना भूक, तहान किंवा तोंडाची कोरड जाणवली, त्यांना दोन-चार घास, घोटभर पाणी, बर्फाचा तुकडा, ओठ ओले करणं एवढ्यानेच बरं वाटलं. अभ्यास लहान आहे, पण शेवटच्या काळात शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा रोजचा अनुभवही याला जुळतो.

सलाईनची परीक्षा जास्त काटेकोर झाली आहे. टेक्सासमध्ये ह्यूस्टन परिसरातल्या हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या काळातल्या शुश्रूषेखालच्या, 129 कर्करुग्णांवर एदुआर्दो ब्रुएरा आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली; निष्कर्ष 2013 मध्ये आले. काही रुग्णांना रोज एक लिटर सलाईन दिलं, काहींना फक्त 100 मिलीलिटर, म्हणजे नावापुरतं. कोणाला किती मिळतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्यांनाही नाही. थकवा, गुंगी, भास, जगण्याचा दर्जा, आयुष्याची लांबी, कशातही म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

उलट त्रास मात्र होऊ शकतो. आजाराने रक्तातलं अल्ब्युमिन उतरलेलं असतं. रक्तवाहिन्यांमध्ये पाणी धरून ठेवण्याचं काम मुख्यतः त्याचं. ते कमी असताना वरून पाणी भरलं, की ते पाझरून पायांत, पोटात, फुप्फुसांत साठतं. मूत्रपिंडं मंदावलेली असल्याने बाहेरही पडत नाही. पाय सुजतात, धाप वाढते. नाकातून घातलेल्या नळीचंही असंच: अन्न उलटून श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया. आणि नळी ओढू नये म्हणून कधी रुग्णाचे हात बांधले जातात. आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात, आपल्याच माणसांसमोर, हात बांधलेले. हे आपण कशासाठी करतो, असं प्रत्येक वेळी थांबून विचारायला हवं.

इथे परिचारिका अरुणा शानबाग यांची आठवण होणं स्वाभाविक आहे. 1973 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला कायमची इजा झाली. त्यांना भरवणं थांबवावं अशी मागणी पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. केईएमच्या परिचारिकांनी या मागणीला विरोध केला आणि 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने ती फेटाळली. 2015 मध्ये अरुणाताई गेल्या, तोवर परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. पण अरुणाताईंचं शरीर संपत चाललेलं नव्हतं. दिलेलं अन्न ते पचवत होतं, त्यावर ते जवळजवळ 42 वर्षं जगलं. भरवण्याची कृती तीच असली, तरी शेवटच्या आठवड्यातल्या कर्करुग्णाच्या बाबतीत तिचा अर्थ पूर्ण बदलतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घरचे लोक विनाकारण स्वतःला गुन्हेगार ठरवतात.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. रुग्ण खात नाही एवढ्यावरून शेवट आला असं कोणी ठरवू नये. तोंडात बुरशी झालेली असते, आठ-आठ दिवस शौचाला झालेली नसते, वेदनाशामकाने मळमळत असतं, मनाला उदासीनता ग्रासते. या सगळ्यांवर उपाय आहेत आणि ते आधी झाले पाहिजेत. केमोथेरपीने बरा होऊ शकणाऱ्या रुग्णाला आहार हवाच, गरज पडली तर नळीनेही. वरचं सगळं विवेचन फक्त शेवटचे दिवस किंवा आठवडे उरलेत, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलेल्या रुग्णांबद्दल आहे.

मग सलाईनऐवजी काय? भरपूर काही. शेवटच्या काळात ‘तहान’ वाटते ती बहुतेकदा तोंडाच्या कोरडीमुळे, आणि ती तोंडातच भागवता येते. दर तास-दोन तासांनी ओल्या मऊ कापडाने किंवा गॉजने जीभ, हिरड्या पुसाव्यात, ओठांना व्हॅसलीन किंवा लोणी लावावं. गिळता येत असेल तर डोकं उंच करून चमचाभर पाणी, ताक, आवडत असेल तर चहासुद्धा. मधुमेहाचं पथ्य या काळात बहुतेक वेळा सैल करता येतं. चार बोटं श्रीखंड चाटायची इच्छा झाली तर द्यावं. गिळता येत नसेल, ठसका लागत असेल, तर तोंडात काही ओतू नये. घशात घरघर सुरू झाली की सगळे घाबरतात. गिळण्याची ताकद गेल्यामुळे साठलेल्या लाळेतून श्वास जात असल्याचा तो आवाज असतो. रुग्ण तोवर बहुधा बेशुद्धीत असतो आणि ऐकणाऱ्यांना वाटतं तेवढा त्रास त्याला होत नसावा, असं मानलं जातं. कुशीवर वळवल्याने आवाज कमी होतो, औषधंही आहेत. त्याच वेळी सलाईन चालू असेल, तर घरघर वाढू शकते.

आणि बोलत राहावं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रतिसाद देणं थांबलेल्या काही रुग्णांचे मेंदूही सुरावटीतला बदल टिपत होते. ऐकलेलं त्यांना समजत होतं की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी मुलीने पायाला तेल लावता लावता हरिपाठ म्हणावा, नातवाने शाळेतलं सांगावं, यासाठी एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो. चमचा बाजूला ठेवावा लागलेल्या हातांना काहीतरी काम हवं असतं, आणि हे खरंखुरं काम आहे.

हे शिकवणारी माणसं आपल्याकडे आहेत. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती अवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून चालतं आणि तिथे रुग्णासोबत घरच्यांनाही शुश्रूषा शिकवतात. टाटा रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ज्यांना अशा परिहार सेवेची गरज आहे, त्यांतल्या जेमतेम 14 टक्क्यांपर्यंत ती पोहोचते. सोलापूर किंवा गडचिरोलीच्या खेड्यातल्या घराला तर शेवटच्या आठवड्यात गाडी करून जिल्ह्याच्या गावी धावणं आणि सलाईन लावून घेणं, एवढंच ‘काहीतरी करणं’ ठाऊक असतं.

ही धावपळ मागे राहणाऱ्यांनाही महाग पडू शकते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात घरी, हॉस्पिसच्या देखरेखीखाली गेलेल्या कर्करुग्णांच्या तुलनेत रुग्णालयात गेलेल्यांच्या जवळच्या माणसांमध्ये न ओसरणाऱ्या शोकाचं प्रमाण जास्त आढळलं. अशा शोकाला आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे, आणि अपराधीपणाची टोचणी हे त्याचं एक लक्षण म्हणून नोंदलं आहे. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली डॉक्टरांनी आणखी दोन ओळी लिहाव्यात, आणि त्या वाचूनही दाखवाव्यात: यापुढे त्यांची भूक कमी होत जाईल, हा आजाराचा भाग आहे, तुमच्या सेवेत काही उणं नाही. मागतील तेवढंच द्या, आणि तोंड ओलं ठेवा.