मशेरीची डबी आणि अठ्ठावीस दिवस

"गॉज ओढला की कातडी सोबत येते. पान चिकटत नाही," असं सांगत सिस्टर मावशींच्या पाठीखालचं केळीचं पान हळूच सरकवतात. पाठभर लाल, ओले चट्टे. फोड फुटून गेलेत, आतली कच्ची त्वचा उघडी पडली आहे. ओल्या जखमेचा उबट वास खोलीत भरून राहिलेला. पानं आधी निर्जंतुक केलेली असतात. भाजलेल्या रुग्णांसाठी हे पान मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी शास्त्रीय कसोटीवर तपासलं होतं.

घोटीजवळच्या या रुग्णालयात मी आलो तो बाजारात कानावर पडलेल्या एका गोष्टीमुळे. पेम्फिगसच्या फोडांना तंबाखूने उतार पडतो, असं लोक ठामपणे सांगत होते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं तिच्या निशाण्यावर येतात. पेशी सुटतात, मध्ये पाणी साठतं, फोड धरतो. बहुतेकांना सुरुवात तोंडातून होते. मावशींना हाच आजार आहे; कित्येक महिने त्यांना तोंड आल्यासारखं वाटत होतं. घोटीचा मऊ भातही गिळवेना, नुसत्या पेजेवर दिवस काढले. त्या काळात त्या मशेरी जास्तच लावू लागल्या. "तेवढ्यापुरतं बधिर होतं," त्या म्हणाल्या.

बाजारातली गोष्ट निराधार नाही. त्वचेच्या पेशींवर ॲसिटिलकोलीनला प्रतिसाद देणारे ग्राहक असतात आणि पेशींची एकमेकींवरची पकड त्यांच्यावरही अवलंबून असते. निकोटीन याच ग्राहकांवर काम करतं. सिगारेट ओढू लागल्यावर पेम्फिगस सुधारलेल्या एका रुग्णाची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2000 साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी आलेल्या, भारतासह अनेक देशांतल्या रुग्णांच्या पाहणीत धूम्रपान करणारे कमी आढळले.

पण ते संशोधन धुराचं, आणि मावशींची मशेरी थेट तोंडातल्या उघड्या जखमेवर बसते. तव्यावर भाजून कुटलेला हा तंबाखू तोंडाच्या कर्करोगाकडे नेतो. निकोटीनने दाखवलेल्या वाटेवर तंबाखूशिवायही जाता येतं: ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारं पायरिडोस्टिग्मिन हे औषध काही पेम्फिगस रुग्णांना देऊन पाहिलं गेलं आहे. संशोधकांचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. मशेरीच्या डबीत त्याचं उत्तर शोधणं मला घातक वाटतं.

सिस्टर मावशींना रागावत नाहीत. "मशेरी लपवू नका, किती वेळा लावता ते सांगा. आपण कमी करत सोडू," एवढंच म्हणतात. मग बोटांवर मोजतात: "अठ्ठावीस दिवस, मावशी. अठ्ठावीस."

दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलेल्या पल्स उपचाराचा हा हिशोब. सलग तीन दिवस सलाईनमधून 100 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, त्यांतल्या एका दिवशी 500 मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा तेच. स्टेरॉइड येण्यापूर्वी हा आजार बहुतेकांचा जीव घेई.

मावशींची पुढची तारीख ऐन भातलावणीत येते. इगतपुरी तालुक्यात तेच मजुरीचे दिवस. "आठवडाभर पुढे ढकला ना," त्यांनी विचारलं. सिस्टर नाही म्हणाल्या आणि मावशींच्या मुलाला बाहेर बोलावून समजावलं: उघडी त्वचा घेऊन चिखलात उभं राहिलं तर जंतू शिरतील, आणि या औषधांनी प्रतिकारशक्ती आधीच दबलेली.

निकोटीनबद्दल उत्सुकता घेऊन आलेल्या मला तिथे कळलं की मावशींचं बरं होणं लावणीच्या बुडालेल्या मजुरीपाशी अडलं आहे. उपचाराच्या दिवसांची ती मजुरी भरून देण्याची सोय झाली, तर अठ्ठावीस हा आकडा पाळणं त्यांच्या हातात येईल.