तोफेवरचं साल कशाचं?

परांड्याचा किल्ला पाहायला शाळांच्या सहली येतात. तिथल्या तोफांपाशी मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'ही किती जुनी?' तोफेवर अक्षरं दिसली की आपलं उत्तरही ठरलेलं, 'साल कोरलेलं असेल, ते वाचलं की कळेल.' आम्हीही पूर्वी असंच सांगत असू. पण ते साल नेमकं कशाचं, हे आधी विचारायला हवं.

परांड्यातून निघून गेलेल्या एका तोफेचंच उदाहरण घेऊ. तडाखेबंद वक्त्याला आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो ना, ती मूळची खरी तोफ. फारसीत मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन सुमारे 55 टन, आणि तोंड हत्तीला गिळणाऱ्या अक्राळविक्राळ पशूचं. निजामशाहीत ती अहमदनगरला ओतली गेली. पुढे ती परांड्यात होती. 1632 मध्ये आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली, आणि आजही ती तिथल्या बुरुजावर आहे.

या तोफेवर एका लेखात निजामशहाचं नाव, ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी याचं नाव आणि हिजरी 956 हे साल आहे. दुसऱ्या लेखात मात्र औरंगजेबाचं नाव आणि साल हिजरी 1097!

हिजरी वर्ष चांद्र असतं, सुमारे 354 दिवसांचं. त्यात अधिक महिना नसल्यामुळे शंभर हिजरी वर्षं म्हणजे आपली साधारण 97 वर्षं होतात. म्हणून हिजरी सालाला 0.97 ने गुणून 622 मिळवायचे. उत्तरात वर्षभराची चूक राहू शकते, पण वर्गात एवढं पुरतं. 956 चे 1549 येतात आणि 1097 चे 1686.

दुसरं साल शब्दांतही लपवलेलं आहे. अरबी-फारसी अक्षरांना ठरावीक किमती असतात. लेखातले 'मालिक मैदान रा गिरफ्त' (रणांगणाच्या धन्याला जिंकलं) हे शब्द घ्या. मालिक 91, मैदान 105, रा 201 आणि गिरफ्त 700. बेरीज मुलांकडून करून घ्या, बरोबर 1097 येते. आपल्याकडे 2 साठी 'नेत्र' आणि 4 साठी 'वेद' लिहीत, त्यातलाच हा प्रकार.

औरंगजेबाने विजापूर घेतलं सप्टेंबर 1686 मध्ये. म्हणजे हे साल विजयाचं आहे, तोफेच्या जन्माचं नव्हे. पहिला लेख झिजून गेला असता, तर आपण ही तोफ 137 वर्षांनी तरुण ठरवली असती, आणि तीही पुराव्यानिशी!

पोलिसांकडे वर्षानुवर्षं असलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीतही हीच गंमत आहे. दस्त्याजवळच्या लोखंडी भागावर उजवीकडे मुकुट, कारखान्याची खूण आणि साल ठोकलेलं असे. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणले. पण नळी झिजली की ती बदलत, आणि नव्या नळीवर तिचं स्वतःचं साल असे. बोल्टवर रायफलीचाच क्रमांक असतो. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा बसवला, तर जुना क्रमांक खोडून नवा ठोकत. म्हणून जाणकार एका सालावर विसंबत नाहीत. सगळ्या भागांवरच्या खुणा एकमेकींशी जुळतात का, ते आधी पाहतात.

परांड्यात आजही ओतीव तोफा आहेत, तशा लोखंडी पट्ट्यांवर कडी चढवून केलेल्याही आहेत. ओतीव तोफेवर अक्षरं पृष्ठभागावर उठून आली असतील, तर ती बहुधा साच्यातच होती, म्हणजे ओतण्याच्या वेळची. खोल कोरलेली अक्षरं मागाहूनचीही असू शकतात. ही कसोटी अचूक मात्र नाही. भोवतालचा धातू तासूनही अक्षरं उठावदार करता येतात.

अक्षरं नीट दिसावीत म्हणून कुणी विटेच्या भुकटीने तोफ घासतं, कुणी खडू किंवा रंग भरतं. तसं मुळीच करू देऊ नका. घासण्याने आधी जातात त्या अक्षरांच्या कडा, आणि वाचन असतं ते कडांवरच. प्रकाश अगदी तिरपा पडला की झिजलेल्या अक्षरांचीही सावली उमटते. दुपारी बाराला जे दिसत नाही, ते संध्याकाळी पाचला दिसतं. सहलीची वेळ तशी ठरवावी.