फिरत्या घराचा जीर्णोद्धार
महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. मालट्रकवर बांधलेले जुने फिरते घर विकत घेणाऱ्याचा हात मात्र प्रथम रंगाच्या डब्याकडे जातो! वास्तविक पुण्याच्या पावसात खरा शत्रू छताच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी होय. पत्र्याआडचे लाकूड त्याने कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून आतील फळ्या काढून कुजका सांगाडा बदलावा, सांधे बुजवावेत, रंग त्यानंतर. सोयी वाढविताना वजनाचे भान हवे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोंचा भार. शिवाय, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये करता येत नाही. तेव्हा पत्रा कापण्यापूर्वीच, आराखडा घेऊन, संगम पुलाजवळील प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर.