जास्वंद मेलेली नाही, झोपलेली आहे

मे महिना उजाडला की इथे न्यू जर्सीत रोपांच्या दुकानांत आपली मंडळी हमखास भेटतात. ढकलगाडीत जास्वंदीची कुंडी असतेच. गणपतीला लाल फूल हवं ना! उन्हाळाभर ती फुलते. ऑक्टोबरात आपण ती घरात घेतो, हीटरच्या कोरड्या हवेत तिची पानं गळतात आणि फेब्रुवारीत कुंडी गराजमध्ये जाते. पुढच्या मे महिन्यात पुन्हा नवी कुंडी. हे चक्र थांबवता येतं. आज त्याबद्दलच बोलूया.

आपण आणतो ती गावाकडची जास्वंद, हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. ती उष्ण प्रदेशातली, कडक गोठण तिला सोसत नाही. पण तिची एक बहीण याच मातीतली आहे : हिबिस्कस मॉस्क्युटोस, म्हणजे हार्डी हिबिस्कस. पूर्व अमेरिकेतल्या दलदलीत ती आपोआप वाढते. फुलं लाल, गुलाबी, पांढरी आणि जेवणाच्या ताटलीएवढी मोठी. प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं, पण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत नवी येत राहतात. म्हणजे गणपतीत फूल मिळण्याची चांगली शक्यता. दोन्ही रोपं दुकानात कधी कधी शेजारीशेजारीच ठेवलेली असतात, म्हणून चिठ्ठीवरचं पूर्ण नाव वाचा.

त्याच चिठ्ठीवर झोनचा आकडा असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरी तापमानावरून देशाचे झोन पाडले आहेत. २०२३ साली हा नकाशा नव्याने आला. न्यू जर्सीचा बराचसा भाग झोन ६ आणि ७ मध्ये येतो. झोन ७ म्हणजे शून्य ते १० फॅरनहाइट, झोन ६ म्हणजे उणे १० ते शून्य. तुमचा झिप कोड टाकून झोन बघा. तुमचा झोन ६ असेल, तर चिठ्ठीवर ६ किंवा त्याहून लहान आकडा हवा. हार्डी हिबिस्कस झोन ५ लाही तग धरते. रोप कुंडीतच ठेवणार असाल तर आणखी दोन आकडे खाली जा, कारण कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही.

आता माझी चूक सांगतो. आई सहा महिन्यांसाठी आली होती, तेव्हा तिने कुंपणाजवळ हे झाड लावलं. थंडीत ते जमिनीपर्यंत वाळलं. मे महिन्याच्या मध्यावर आजूबाजूचं सगळं हिरवं झालं, इथे मात्र वाळक्या काटक्या. फोनवर आई विचारायची, "जास्वंद आली का रे?" एका शनिवारी मी फावडं घेतलं आणि ते उपटलं. मुळाशी बघतो तर बोटाच्या पेराएवढे पांढरे कोंब! निम्मे फावड्याने तुटले होते. उरलेला गड्डा पुन्हा लावला. तो जगला, पण त्या वर्षी एकही फूल आलं नाही. आईला काय सांगायचं, हा प्रश्न होताच.

म्हणून लक्षात ठेवा : हे झाड सगळ्यांत उशिरा उठतं. मेअखेर, कधी जूनच्या सुरुवातीला. शरद ऋतूत छाटताना सहा-आठ इंच खोड ठेवा, म्हणजे जागा विसरणार नाही. जूनच्या मध्यापर्यंत फावडं लावू नका. फुलपाखरांची आवडती अॅस्क्लेपियास ट्यूबरोसा हीसुद्धा अशीच उशिरा उठणारी.

जागा निवडताना ऊन किमान सहा तास हवं. मग पाण्याचा निचरा बघा. एक फूट खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं असेल, तर तिथे लॅव्हेंडर लावू नका. हिवाळ्यात अशी झाडं थंडीपेक्षा ओल्या मुळांनीच जास्त मरतात. तो ओला कोपरा हिबिस्कसला द्या. कोरड्या, उन्हाच्या जागी एकिनेशिया, रुडबेकिया, नेपेटा लावा. हरणांचा त्रास असेल तर होस्टा टाळा, ती त्यांची आवडती भाजी आहे. कोणत्या झाडाला हरणं कितपत तोंड लावतात, याची यादी रटगर्स विद्यापीठाने केली आहे. मातीची तपासणीही तिथल्या प्रयोगशाळेत होते.

पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण एक इंच पाणी मिळू द्या, पाऊस धरून. जमीन गोठल्यावर दोन-तीन इंच मल्च पसरा, पण ते खोडाला चिकटू देऊ नका. आणि धीर धरा. पहिलं वर्ष मुळांचं, दुसरं पानांचं, खरी फुलं तिसऱ्या वर्षी.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिलं लाल फूल उमललं. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. ती म्हणाली, "एवढं मोठं? गणपतीचं तोंड झाकून जाईल की!" तेव्हा कुठे मी तिला फावड्याची गोष्ट सांगितली.

या आठवड्यात बागेतल्या वाळक्या काटक्या उपटायला निघाला असाल, तर आधी बोटाने मुळाशी माती जरा बाजूला करून बघा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.